फ्रिजवरचा गुलाबी कागद

हार्लनने आधी लोहचुंबकाचा कोंबडा काढला, मग सूर्यफूल, आणि शेवटी तो गुलाबी कागद फ्रिजच्या दारावरून असा सोडवला, जसं निजलेल्या लेकराच्या अंगाखालचं दुपटं हळूच ओढावं. तरी त्याच्या बायकोच्या, नेव्हाच्या कानांनी ते टिपलंच.

"ठेव तो तिथंच."

"वाचतोय फक्त."

"चार दिवस वाचतोयस. एव्हाना पाठ झाला असेल. उद्या चर्चमध्ये म्हणून दाखव सगळ्यांना."

खिडकीपाशी ती शेंगा मोडत बसली होती. नाकात नळी, मांडीवर पातेलं. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र म्हाताऱ्या गाईसारखे उसासे टाकत होतं. चार शेंगा मोडायच्या, थांबायचं. पुन्हा चार मोडायच्या, पुन्हा थांबायचं.

कागदावर फार काही नव्हतं. हृदय थांबलं तर छाती दाबू नका. घशात नळी घालू नका. श्वासाच्या यंत्राला जोडू नका. दुखू देऊ नका, घरीच राहू द्या. खाली डॉक्टरची सही आणि तिच्याखाली नेव्हाची, ओल्या भिंतीवरून चाललेल्या मुंगीसारखी.

"ही सही तुझी नाही."

"मग काय मांजराची?"

"तुझी सही अशी थरथरत नाही."

"माझं आता सगळंच थरथरतं, हार्लन."

"मी मंगळवारी टायर बदलायला गेलो, नेमकी तेव्हाच बरी आली ती रेनी! हात धरला असेल तुझा."

"मीच सांगितलं होतं तिला, तू नसताना ये म्हणून."

"का?"

"तू रडला असतास."

हार्लनला हे पटलं नाही. नेव्हाचा स्वभावच असा. दुसऱ्याचं पाप आपल्या पदराखाली झाकायची तिला जन्माची खोड. रेनी ही आठवड्याला घरी येणारी नर्स. पोरगी गोड बोलायची, पायांची सूज पाहायची, जाताना अंगणातली दोन फुलं मागून न्यायची. आणि जी माणसं फार गोड बोलतात, त्यांच्याच अंगणात हार्लनला नेहमी गळती सापडली होती.

एकतीस वर्षं त्याने या गावचे पाण्याचे मीटर वाचले. कोळशाच्या डोंगरांमधलं हे दरीतलं गाव, घराघरांत कुत्री. अंगणात वाकायचं, लोखंडी झाकण उचलायचं, कोळिष्टक पुसायचं आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही. चर्चमधल्या वेदीपुढे आसवं गाळणाऱ्या एका धर्मसेवकाने मीटरच्या अलीकडून चोरून नळी काढली होती, तीही त्यानेच पकडली. गवत गरजेपेक्षा हिरवं दिसलं की समजावं, तिथं पाणी मुरतंय.

त्या ऑगस्टात तर अख्ख्या देशाचंच गवत त्याला हिरवंगार दिसायला लागलं होतं. वॉशिंग्टनमध्ये आरोग्याचा नवा कायदा शिजत होता. रेडिओवरचा माणूस रोज घसा फोडून सांगायचा, सरकारची माणसं तुमच्या दारी येतील, म्हाताऱ्यांना मरणाबद्दल विचारतील, लिहून घेतील. सोमवारी त्याने हे ऐकलं आणि मंगळवारी त्याच्याच फ्रिजवर गुलाबी कागद. आणखी कसला पुरावा हवा?

"अरे, ज्या यंत्रावर मी श्वास घेते त्याचे पैसे कोण भरतं?" नेव्हा म्हणाली. "तेच ना तुझं सरकार?"

"ते वेगळं. ते माझ्या पगारातून कापलेलं आहे."

"मग भांड त्या यंत्राशी. कागद ठेव जागेवर. रेनी म्हणाली ते ऐकलंस ना? ॲम्ब्युलन्सवाले आधी फ्रिज बघतात."

"ठेवतो," तो म्हणाला. पण शेजारची ट्विला नेव्हाच्या सोबतीला आली, तेव्हा कागदाची घडी त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. शनिवारी सकाळी दहाला खासदार हायस्कूलच्या बास्केटबॉलच्या हॉलात लोकांचं ऐकून घ्यायला येणार होता.

हॉल खचाखच भरला होता. पुठ्ठ्याचे पंखे हलत होते, त्यातल्या अर्ध्या पंख्यांवर घोषणा लिहिलेल्या. खासदार बाह्या दुमडून उभा होता. बाह्या दुमडलेला पुढारी म्हणजे लोकांच्या खिशात हात घालणार हे हार्लनला ठाऊक होतं. रांगेत त्याच्या पुढे एक बाई सांगत होती की तिच्या नवऱ्याच्या कारखान्याबरोबर विमाही गेला, आता पोराची साखर वाढली की ती औषधाचे निम्मेच डोस देते. मागून कुणीतरी ओरडलं, "सरकारकडे कशाला रडतेस? नोकरी शोध!" बाई माइकपाशी तशीच उभी राहिली. हार्लनला तिची दया आली. पण आधी शंका आली, हिला कुणी पढवून तर पाठवलं नसेल?

मग त्याचा नंबर लागला.

"मी हार्लन मलिन्स. तुम्हा सगळ्यांचे मीटर वाचलेत मी."

"माझा जास्तच वाचलास!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

हार्लनने घडी उलगडली आणि कागद डोक्यावर धरला. "खासदारसाहेब, तुम्ही म्हणता कायदा अजून झालेला नाही. मग हे काय? माझ्या बायकोला मरू द्या, असं लिहिलंय यावर. माझ्या स्वयंपाकघरात आलंय हे!"

सगळा हॉल उठून उभा राहिला. खासदार माइकमध्ये सांगत होता की असे कागद आपल्या राज्यात कित्येक वर्षं आहेत, नव्या कायद्याशी त्यांचा संबंध नाही, रोग्याची स्वतःची इच्छा आहे ती. पण त्याचे शब्द त्या गलक्यात वाहून गेले. "दाखव, दाखव!" एका हाताने कागद घेतला, दुसऱ्याने फोटो काढला, तिसऱ्याने मागे दिला. गुलाबी कागद डोक्यांवरून निघाला, पुरात सापडलेल्या पानासारखा.

तेवढ्यात वरच्या बाकांवरून एक बाई धडपडत खाली येताना दिसली. रेनी.

"हार्लनकाका, कागद परत घ्या! घरी न्या आधी! नेव्हामावशीजवळ पाहिजे तो!"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. हार्लनच्या मनात आलं, पकडली गेली म्हणून घाबरली.

"का गं?" तो माइकमधून म्हणाला. "पुरावा नाहीसा करायचाय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षांत या गावाने त्याच्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याच्या छातीत काहीतरी उबदार भरून आलं, आणि कागद कुठवर गेला हे पाहायचं तो विसरला. सभा संपल्यावर त्याने बाकांखाली शोधलं, दारातल्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं टोपीवाल्याने नेला, कुणी म्हणालं टीव्हीवाल्यांनी.

घरी आला तर दार सताड उघडं. शेंगा सगळ्या फरशीवर. ट्विला पायरीवर बसली होती, दोन्ही हातांनी ॲप्रन पिळत.

"निळी पडली रे ती. मी फोन केला. आले लगेच. फ्रिज बघितला त्यांनी, मला विचारलं, बाई, कागद आहे का? मी म्हटलं होता की, मंगळवारी होता! पण होता म्हणून चालत नाही म्हणाले. कागद नाही, तर आम्हाला सगळं करावं लागतं." तिने नाक पुसलं. "तिची छाती... आवाज आला रे हार्लन, हाडाचा."

इस्पितळात डॉक्टर तरुण होती, डोळे जागरणाने लाल. तिने त्याला खुर्ची दिली. नेव्हाचा श्वास यंत्रावर चालू आहे, म्हणाली. अधूनमधून जाग येते, तेव्हा ती घशातली नळी ओढते, म्हणून हात बांधलेत. पुढे काय करायचं ते ठरवायला हवं.

"मलिन्सकाका, त्यांनी कधी काही सांगितलं होतं तुम्हाला? कागद नसला तरी चालेल. तुम्ही सांगा. त्यांना काय हवं होतं?"

हार्लनने तिच्याकडे नीट पाहिलं. "मी सांगितलं की लगेच तुम्ही नळी काढणार."

"त्यांना तसं हवं असेल तर."

"खाट रिकामी हवीय का तुम्हाला?"

डॉक्टरला राग आला नाही. आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "आत जा. त्यांच्यापाशी बसा. मला घाई नाही."

नेव्हाचं तोंड नळीने वाकडं झालं होतं. दोन्ही मनगटांना मऊ पट्टे, पट्ट्यांची टोकं खाटेच्या दांडीला. हार्लन जवळ गेला तसे तिने डोळे उघडले. त्यांत राग नव्हता. पन्नास वर्षं चिखलाच्या बुटांनी घरात शिरणाऱ्या नवऱ्याकडे बाई जशी बघते, तशी ती बघत होती.

त्याने तिची बोटं धरली. "मला एकच सांग. मंगळवारी तुझा हात कुणी धरला होता?"

तिने डोळे मिटले, उघडले, आणि मान हलली. इतकी थोडी, की दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. नाही.

"तुझीच सही?"

बोटं दाबली गेली. एकदा. मग अजून एकदा, जोरात.

तो उठून दारापर्यंत गेला. डॉक्टर बाहेर भिंतीला टेकून उभी होती. सकाळी माइकमध्ये गरजलेला त्याचा आवाज आता त्याच्या स्वतःच्याही कानांवर पोचेना.

"घशात नळी नको म्हणाली होती," तो म्हणाला. "यंत्र नको. दुखू द्यायचं नाही. घरीच..." तिथं तो अडला. "ते राहिलं आता. पण बाकीचं तरी तसंच करा. तिने लिहून दिलं होतं. मी बघितलंय."

"बरं," डॉक्टर म्हणाली. "आधी औषध देऊ, म्हणजे त्यांना धाप लागणार नाही."

"हात मी सोडले तर चालेल?"

डॉक्टरने होकाराची मान डोलावली.

पट्ट्यांची गाठ अवघड होती आणि त्याची बोटं जाड. नर्स मदतीला पुढे झाली, त्याने तिला थांबवलं. आधी डावा सुटला, मग उजवा. मनगटांवर लाल वळ उमटले होते. नेव्हाचा हात काही वेळ चादरीवर पडून राहिला, मग हळूहळू वर आला. नळी ओढते की काय म्हणून नर्स झटकन वाकली.

पण हात नळीकडे गेलाच नाही. तो हार्लनच्या छातीपाशी थांबला. घाईत त्याच्या सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं आणि एक बाजू वर चढली होती. सबंध सभेत कुणालाच ते दिसलं नव्हतं. थरथरत्या बोटांनी नेव्हा ते बटण सोडवायला लागली. हार्लन खाली वाकला, तिच्या हाताला वर यावं लागू नये म्हणून, आणि तसाच वाकून राहिला.