भर दुपारी कंदील

भर दुपारी दीड वाजता पेटवलेला कंदील मी पहिल्यांदा पाहिला, तो रूपरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. भोवती शे-दीडशे माणसं हात जोडून बसली होती. मधे एका गोऱ्या साहेबाची जुनी कबर, तिच्यावर ताजा चुना आणि झेंडूचा हार. कबरीशेजारी डोक्यावर साहेबी टोपी चढवून गोपाल घुमत होता.

"हम टुम लोग को देखता है," त्याच्या अंगातला साहेब म्हणाला. "हम टुम पर बहुट खुश है."

मी या गावच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. इंग्रजाच्या भुतानं इंग्रजी सोडून सिनेमातली हिंदी बोलावी, याचं मला नवल वाटलं. शेजारी बसलेल्या सुलोचनाबाईंना मी तसं म्हटलंही.

"आपल्यासाठी तसा बोलून राह्यला तो, मॅडम," त्या म्हणाल्या. "आपल्याले कुठं इंग्रजी समजते?"

भक्तांकडे उत्तरांची टंचाई कधीच नसते.

गोपाल मागच्या वर्षापर्यंत आर्वीत झेरॉक्सचं दुकान चालवायचा, लोकांचे अर्जही भरून द्यायचा. मग दुकान बसलं आणि साहेब उठला. दर गुरुवारी अंगात येऊन तो एकच कथा सांगे. साहेब मोठा दयाळू होता. रूपरावांचा खापरपणजोबा सीताराम हा त्याचा इमानी नोकर. साहेबाला ताप चढला, तेव्हा सीतारामनं त्याला शेवटचं पाणी पाजलं आणि पिढ्यानपिढ्या सेवेचं वचन दिलं.

असली कथा ऐकली की मला हटकून संशय येतो. दयाळू साहेब आणि इमानी नोकर, दोघंही सांगणाऱ्याच्या सोयीचे असतात. नोकराच्या मनात काय होतं, हे त्यात कुणी विचारत नाही.

त्या गुरुवारी गोपालनं पिशवीतून कोरा कागद काढला, दोन्ही बाजूंनी लोकांना दाखवला आणि कंदिलाच्या काचेवर धरला. हळूहळू त्यावर तपकिरी इंग्रजी अक्षरं उमटली. गर्दी गुडघ्यांवर पुढे सरकली.

"मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट, सीताराम," गोपालनं वाचलं. "मटलब, सबसे आग्याकारी नौकर. सीटाराम की लडकी इढर सेवा करेगी. बाहर गई, टो घर में मौट होगी."

सीतारामच्या वंशात एकच लेक होती, रूपरावांची अंकिता. तिला सेवाग्रामला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि शनिवारी तिथं हजर व्हायचं होतं. तिनंच दोन आठवड्यांपूर्वी साहेबाला त्याच्या गावाचं नाव विचारून गप्प केलं होतं. कबर रूपरावांच्या शेतात. हे घर एकदा सेवेला लागलं की शेतही साहेबाचंच, म्हणजे गोपालचं. रूपरावांनी मान खाली घातली आणि त्यांची आई लीलाबाई रडू लागली. अंकिता माझ्याकडे पाहत होती.

मी तिच्या आजीजवळ जाऊन बसले. "तुमच्या घरी त्या साहेबाचा काही कागद आहे का?"

"हाय न मॅडम, डब्यात. पोरीच्या जातीच्या दाखल्यासाठी जुने कागद मांगत होते, तवा झेरॉक्स काढाले गेलतो."

"कुठे?"

"गोपालच्याच दुकानात."

अंकिताला मी तो कागद आणायला पिटाळलं. मग पर्समधल्या वहीचं एक कोरं पान फाडून गोपालपुढे धरलं. "साहेबांना म्हणावं, यावर लिहा."

त्यानं पान काचेवर धरलं. पान नुसतं गरम झालं.

"साहब गुस्सा है. औरट का कागज नहीं चलेगा."

"मग तुझाच घेऊ," म्हणत मी त्याच्या पिशवीतला दुसरा कोरा कागद उचलला. त्याला लिंबाचा वास होता. तो काचेवर धरताच अक्षरं उमटली आणि मी ती मोठ्यानं वाचली, "सुलोचना, गिव्ह काऊ."

"म्हंजे?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"साहेबांना तुमची गाय हवी आहे."

"माही गाय काऊन पाह्यजे याले?" एवढ्यात त्यांना इंग्रजी समजायला लागलं होतं.

मग मी सगळ्यांना फोड करून सांगितलं. लिंबाच्या रसानं लिहिलं की वाळल्यावर काही दिसत नाही. कागद तापला की तो रस कागदाच्या आधी करपतो आणि अक्षरं दिसू लागतात. कंदील उजेडासाठी नव्हता. तो चुलीचं काम करत होता.

अंकिता धापा टाकत कागद घेऊन आली. दीडशे वर्षांपूर्वीचं ते वळणदार इंग्रजी तिला लागेना, म्हणून मी शब्द सांगत गेले आणि ती मराठीत सांगत गेली.

"महाशय, माझ्या माणसांना आणि बैलांना आपल्या विहिरीचं पाणी घेऊ द्यावं, ही विनंती." ती थांबली. "खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' हाय, अन् त्याच्याखाली साहेबाची सही. सीताराम आबाचं नाव डाव्या कोपऱ्यात हाय, ज्याले लिवलं त्याचं." ती एकदम हसली. "मॅडम, हा तर अर्ज हाय! आपण शाळेत लिवतो न, आपला आज्ञाधारक विद्यार्थी, तसा."

जन्मभर लोकांचे अर्ज भरणाऱ्या गोपालनं साहेबाचा अर्ज उलटा वाचला होता. अर्ज गोरा माणूस करेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याही आलं नव्हतं.

"म्हंजे सेवक साहेब होता?" रूपरावांनी विचारलं.

"नाही. ती लिहायची रीत होती. असं लिहून ते राज्यच करत होते. पण सीताराम नोकर नव्हता, एवढं या कागदावर दिसतं. विहीर त्याची होती."

गोपालनं टोपी काढून पिशवीत कोंबली आणि मराठीत म्हणाला, "येतो मी." त्याला कुणी थांबवलं नाही.

मला राग त्याचा कमी आणि आमचा जास्त आला. साहेब जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी टोपी घालून दरडावलं की आम्ही बसतोच. हात जोडण्याआधी एवढंच विचारा: भर दुपारी उजेड असताना याला कंदील कशाला हवा?

शनिवारी अंकिता सेवाग्रामला हजर झाली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, होस्टेलच्या खोलीसाठी अर्ज द्या लागला. खाली 'आपली आज्ञाधारक' लिवलं होतं, ते खोडलं. नुसतं 'आपली अंकिता' ठेवलं. चालते न?"

"चालतं," मी म्हटलं. बावीस वर्षं मीच पोरांना ते 'आज्ञाधारक' लिहायला शिकवलं होतं.