बेचाळीस टेकू

मत्ताईची माणसं पहारी घेऊन अर्धवट बांधलेल्या घरात शिरायला लागली, तसा चातुण्णी आशारी दाराच्या रिकाम्या चौकटीत पाय पसरून आडवा बसला. सत्तरी उलटलेला सुतार, अंगात निव्वळ हाडं. पण त्याला ओलांडून जायची कुणाची छाती होईना.

"आशारी, चौदा महिने झाले," मत्ताई म्हणाला. स्लॅबखालचे टेकू त्याच्या मालकीचे. "लोकांचे स्लॅब एकवीस दिवसांत आपल्या पायांवर उभे राहतात. तुमचा काय अजून अंगावर पितोय?"

"ओला आहे."

"चौदा महिन्यांत विहीर आटते, आशारी."

स्लॅब ओला नव्हता, हे चातुण्णीलाही ठाऊक होतं. जन्मभर त्याने काँक्रीटचा दुस्वास केला होता. फणसाच्या नि सागाच्या लाकडातून त्याने आख्ख्या तालुक्याची छपरं उभी केली, आणि पोटचा पोर उदयन निघाला गवंडी. त्यातून गावात ठरलेल्या लग्नाला, लागलेल्या नोकरीला, दिलेल्या शब्दाला, जे जे पक्कं त्या सगळ्यालाच 'काँक्रीट' म्हणायची टूम निघालेली. ते ऐकलं की म्हाताऱ्याच्या मस्तकात तिडीक जायची.

उदयनने स्वतःच्या घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी सगळी आळी कप्प्याचे उकडलेले कंद नि मासळीचं कालवण जेवली. चातुण्णीने पानाला हात लावला नाही. उलट चारचौघांत म्हणाला, "हा चिखल डोक्यावर घेऊन कोण झोपणार? येईल एक दिवस खाली."

उदयन नुसता हसला. "अच्छन, काँक्रीट आहे ते," एवढंच बापाला म्हणाला.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी स्लॅबवर पाणी भरून कामाला निघालेला उदयन हमरस्त्यावर लॉरीखाली सापडला.

तेव्हापासून म्हाताऱ्याला एकाच भीतीने पोखरलं होतं. आपलं बोलणं खरं ठरलं तर? पोरगा गेला तो गेला, त्याच्या हातचं कामही त्याच्यामागोमाग गेलं तर बापाने कुणाला तोंड दाखवायचं? टेकू उभे होते तोवर स्लॅब बरा की वाईट, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

शिवाय तो आवाज होता. दुपारी आळी जेवून लवंडली की त्या अर्धवट घरातून टक, टक, टक ऐकू यायचं. मग जरा उसंत, मग पुन्हा टक. उदयनची हातोडी अशीच चालायची. शेजारणी म्हणत, जीव कामात अडकलाय. चातुण्णी जुन्या घराच्या ओसरीवर कान देऊन बसे, आणि आवाज थांबला की त्याला हुरहूर लागे. आत जाऊन बघायची हिंमत मात्र कधी झाली नाही. असला तर त्याच्याशी काय बोलायचं, आणि नसला तर काय करायचं?

"अच्छन, उठा." विहिरीकडून आलेली शीजा बादली खाली ठेवत म्हणाली. ती उदयनची बायको. नवरा गेल्यापासून सासऱ्याशी कामापुरतं बोलायची, तेवढंच. "नेऊ देत टेकू."

"तुला कळतंय का काय बोलतेस? वर डोंगर आहे डोंगर."

"आधी आत तर चला."

मत्ताईला बाहेर थांबायला सांगून ती पुढे झाली. म्हातारा तिच्यामागे नाइलाजाने गेला. आत निलगिरीचे बेचाळीस टेकू उभे होते आणि त्यांच्यामधून सुपारीच्या बागेत असतो तसला अंधूक उजेड पडला होता. डोळे सरावेपर्यंत त्याने आधाराला पहिला टेकू धरला. तो हलला. दुसरा धरला, तोही हलला. लाकूड वाळलं की आखडतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण इतकं नाही.

तो खाली वाकला. टेकूंच्या बुडाशी ठोकलेल्या, त्यांना वर ताणून धरणाऱ्या पाचरी जागेवर नव्हत्या. आडव्या पट्ट्यांना बांधलेले म्हणून टेकू नुसते उभे होते, कसलाही भार नसलेले. पाचरी भिंतीशी नीट रचून ठेवल्या होत्या. त्यांच्याशेजारी उदयनची हातोडी, गुंडाळलेली चटई आणि एक उशी.

म्हाताऱ्याने उशीला हात लावून पाहिला.

"दुपारची हातोडी... ती तू?"

"हं. रोज एक पाचर काढायची. मधून सुरुवात करून कडेला यायचं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं. काढली की तिथंच चटई टाकून पडायचं." शीजाचा आवाज भाजी निवडताना बोलावं तसा साधा होता. "बेचाळीस दिवसांत संपल्या. मग पुन्हा ठोकल्या नि पुन्हा काढल्या. किती वेळा, ते आता आठवत नाही."

"वेडी आहेस का तू? आला असता अंगावर म्हणजे?"

तिने खाली पडलेला एक गंजका खिळा उचलला आणि तो बोटांत फिरवत राहिली.

"त्यासाठीच तर पडायची, अच्छन."

बाहेर मत्ताई कुणावर तरी खेकसत होता.

"पण तुमच्या पोरानं काम पक्कं केलं होतं," ती म्हणाली. "मी काय करणार?"

म्हाताऱ्याने मान वर केली. पहिल्याच महिन्यात काढून नेलेल्या साच्याच्या पत्र्यांच्या चौकोनी खुणा सोडल्या तर स्लॅबला केसाएवढी चीर नव्हती. चौदा महिन्यांत न आलेलं रडू त्याला तिथं आलं. ते त्याने पंच्याने पुसलं, वाकून चटई नि उशी काखेत मारली, आणि दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट घट्ट धरून तिला बाहेर आणलं.

"मत्ताई," तो म्हणाला, "ने सगळे. पण बेतानं काढ. वरच्या कामाला ओरखडा आला, तर गाठ माझ्याशी आहे."