मुदतीच्या सतरा महिने आधी

आमचं घर गहाण होतं आणि त्याची मुदत अठ्ठावन्न सालच्या गुढीपाडव्याला संपत होती. कागदावर साफ लिहिलं होतं, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आठशे रुपये सावकाराच्या हातात पडले नाहीत तर घर सावकाराचं. आणि आम्ही दोघं छप्पन सालच्या धनतेरसला, पैसे कमरेला बांधून, पांढुर्ण्याहून सौंसरच्या बसमध्ये बसलो होतो. लोकांना मुदत पुरत नाही. आम्हाला ती नकोशी झाली होती.

त्याचं कारण श्रीधर.

घर गहाण पडलं ते सासऱ्यांच्या आजारपणात. पैसे दिले सौंसरच्या यशवंतराव काकाजींनी. माणूस वाईट नव्हता. व्याज सोडत नसे, पण व्याज घेऊन गेलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय उठू देत नसे. पण त्या वर्षी राज्य मोडायचं ठरलं. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबईकडे जाणार, आपण मध्यप्रदेशात राहणार, हे पक्कं झालं आणि काकाजींनी लेकीजवळ नागपूरला राहायला जायचं ठरवलं. सौंसरची देवघेव, तिजोरी आणि तिजोरीतले सगळे कागद एक तारखेपासून त्यांच्या पुतण्याकडे, म्हणजे श्रीधरकडे जाणार होते.

श्रीधरनं मागच्या साली लोधीखेड्याच्या एका दुकानदाराचं काय केलं ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. मुदतीच्या दिवशी श्रीधर स्वतःच्या घराला कुलूप लावून जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला निघून गेला, ते तिसऱ्या दिवशी आला. दुकानदार बिचारा पैशाची पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला. दुकान गेलं. कोर्टात भांडायचं तर छिंदवाड्याला चकरा, वकिलाची फी, आणि तोवर दुकानात श्रीधरचा माल. आमचं घर पाहायलाही तो एकदा येऊन गेला होता. अंगणात उभं राहून त्यानं पावलांनी लांबी मोजली आणि मला म्हणाला, "मास्तरीणबाई, स्टेशन जवळ आहे. संत्र्याचं गोदाम मस्त होते इथं."

मी त्याला चहा केला होता. तो चहा मला अजून सलतो.

तेव्हा कागद काकाजींच्या हातात आहे तोवर सोडवायचा, हे आम्ही ठरवलं. मास्तरांचा पगार म्हणजे प्राथमिक शाळेचा पगार, त्यातून आठशे काढायचे तर आमची नातवंडं फेडत बसली असती. म्हणून आम्ही हाताला येईल ते काम धरलं. मास्तर, म्हणजे माझे यजमान मोरेश्वर, शाळा सुटली की धान्याच्या दुकानात जमाखर्च लिहीत. रविवारी रेल्वेनं तिगावला जाऊन दोन घरी शिकवण्या घेत. आता सरकारी कारभार हिंदीत होणार म्हणून धास्तावलेल्या चार व्यापाऱ्यांना ते सकाळी हिंदी शिकवत. त्यांचं स्वतःचं हिंदी शिष्यांपेक्षा एकच पान पुढं होतं, आणि ते पान ते पहाटे उठून पाठ करत.

मी रेल्वेतल्या दोन बिनबायकोच्या बाबूंचे डबे करी. ते झाले की दुपारी शेजारणीच्या मशिनवर पोलकी शिवी, मशिनचं भाडं म्हणून तिची पोलकी फुकट. संत्र्याचा हंगाम आला की स्टेशनवर करंड्या भरायला जाई. खाली गवत, मग संत्रं, मग गवत. मास्तरांची बायको करंड्या भरते म्हणून पहिले दोन दिवस लोकांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनाही कामं होती. माझ्या नखांना डब्याची हळद असे आणि तळहातांना संत्र्याच्या सालीचं तेल. मास्तर म्हणायचे, "तुझ्या हातानं जेवलं की फळ वेगळं खायची गरज नाही."

हसायचे क्षण तेवढेच. बाकी आम्ही एकमेकांना वर्षभर नीट भेटलोही नाही.

आता आमची चूक सांगते. पैसे आदल्या शनिवारीच पुरे झाले होते. त्याच दिवशी निघायला हवं होतं. पण मुदतीआधी पैसे घ्यायला काकाजी बांधलेले नव्हते. सतरा महिन्यांचं व्याज कोण सोडतो? दोनदा विचारलं तेव्हा ते नुसते "पाहू" म्हणाले होते. मग मास्तरांनीच डोकं चालवलं. म्हणाले, "धनतेरसला जाऊ. त्या दिवशी घरी चालून आलेल्या लक्ष्मीले कोणता सावकार नाही म्हणते?" मलाही ते इतकं पटलं की मीच त्यांना दोनदा शाबासकी दिली. धनतेरस आली एकतीस ऑक्टोबरला. म्हणजे काकाजींच्या हातातला शेवटचा दिवस. मुहूर्त साधायच्या नादात आम्ही चार दिवस पैशावर बसून राहिलो.

काकाजींच्या ओसरीत बांधाबांध चालली होती. त्यांच्या पत्नी जयवंताकाकू पाटावर बसून पूजेची भांडी चिंचेनं घासत होत्या. काकाजींनी आम्हाला पाहिलं, माझ्या कमरेकडं पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"मास्तर, आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी काकाजी. लक्ष्मी घेऊन आलो."

काकाजी हसले. मास्तरांचा हिशेब अगदी बरोबर निघाला. त्यांनी नोटा कपाळाला लावल्या, कुंकवाचं बोट लावलं, दोनदा मोजल्या. सतरा महिन्यांच्या व्याजाचं नावही काढलं नाही. तिजोरी उघडून आमचा कागद काढला, पाठीवर स्वतःच्या हातानं "भरून पावलो" लिहिलं, तारीख घातली, सही केली. मी पदराखाली हात जोडले.

मग त्यांनी शाई वाळवली, कागदाची घडी केली, आणि तो परत तिजोरीत ठेवून दिला.

मला वाटलं म्हातारपणामुळं विसरले.

"काकाजी," मास्तर म्हणाले, "कागद..."

"आता कागद पाडव्याले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय मास्तर? तुम्ही शिकलेले माणसं. धनतेरस ते पाडवा आमच्या तिजोरीतून काही बाहेर जात नाही. रुपया नाही, दागिना नाही, कागद नाही. माझ्या बापानं पाळलं, त्याच्या बापानं पाळलं. येते ते येऊ द्याचं. जाऊ काही द्याचं नाही."

दिवाळीचा पाडवा म्हणजे शनिवार. आणि उद्या एक तारीख. शनिवारी ही तिजोरी श्रीधरची असणार होती.

"मग पैसेही आज आमच्याकडं राहू द्या," मी म्हटलं. पुरुषांच्या बोलण्यात मी पडायला नको होतं, पण माझ्या तोंडानं मला विचारलं नाही. "कागद देता तेव्हाच घ्या."

काकाजींनी जीभ चावली. "बाई, आलेली लक्ष्मी आज परत पाठवू? काय बोलून राहिली तू?"

"आणि शनिवारी श्रीधरभाऊ कागद देतील?"

"काऊन नाही देणार? पाठीवर माझी सही आहे."

"सही आहे काकाजी. पण कागद त्यांच्या हातात आहे. फाडला, हरवला, उंदरानं खाल्ला म्हटलं त आम्ही कुठं जावं? तुम्ही नागपूरला. ते त दुसरं राज्य झालं."

"उर्मिला," मास्तर हळूच म्हणाले. ते मला नावानं हाक मारतात ती फक्त मी चुकते तेव्हा. "काकाजींचा शब्द आहे ना. शब्दावर भरोसा ठेवू."

मी त्यांच्याकडं पाहिलं. सदऱ्याची कॉलर मीच उलटवून शिवलेली, बोटांना दुकानातल्या जमाखर्चाची शाई. या माणसाला भांडता येत नव्हतं. तो जगाशी शिकवणीच्या पोराशी वागावं तसं वागे, आज नाही समजलं तर उद्या समजेल अशा बेतानं.

"काकाजींच्या शब्दावर माझा भरोसा आहे," मी म्हटलं. "पण शब्द नागपूरला चालला. कागद इथंच राहून राहिला."

काकाजींचा चेहरा उतरला. त्यांना माझं खरं वाटलं होतं, हे मला दिसत होतं, आणि तेच जास्त भीतीचं होतं. चिडले असते तर भांडता आलं असतं. ते नुसते तिजोरीच्या कडीवर हात ठेवून बसले. "मी एवढ्या वर्षांत एकदाही मोडलं नाही बाई," ते म्हणाले. "आता जायच्या दिवशी मोडू? काही वाईट झालं त?"

स्टेशनकडून छोट्या गाडीची शिटी ऐकू आली. नागपूरची गाडी.

"उद्याचा ताबा घ्याले श्रीधर आला असन," काकाजी म्हणाले.

मास्तर उठून उभे राहिले आणि परत बसले. स्टेशनहून घर पायी फार तर पाव तासाचं. माझ्या कानात आमच्या अंगणात मोजलेली त्याची पावलं वाजायला लागली. पाय धरावेत म्हणून मी पुढं सरकले, पण धरून उपयोग नव्हता. पाय धरले असते तर काकाजी रडले असते आणि कागद तरीही आतच राहिला असता.

तेव्हा जयवंताकाकूंनी घासलेलं तबक पालथं घातलं आणि हात धुतले.

"मास्तरीणबाई, या इकडं. पाटावर बसा."

"काकू, आता बसायचं..."

"बसा म्हणते ना. सवाशीण माझ्या घरून आज रिकाम्या ओटीनं जाईन काय?"

मी बसले. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून सांगितलं ते केलं. काकूंनी मला हळदकुंकू लावलं. सुपातून ओंजळभर तांदूळ घेतले, नारळ घेतला, खण घेतला, सगळं पाटाशी मांडलं. मी पदर पसरला. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि सरळ तिजोरीपाशी गेल्या.

"जयवंता!" काकाजी ओरडले.

"हात काढा कडीवरून."

"आज धनतेरस आहे."

"मले माहीत आहे. भांडे मीच घासून राहिली सकाळपासून." त्यांनी किल्ली फिरवली. "या घरात मी आली तेव्हा माप ओलांडून कोण आलं? लक्ष्मी म्हणून तुमच्या मायनं नाव कोणाचं घेतलं? माझं का या लोखंडाच्या डब्याचं?"

काकाजींचा हात कडीवरून खाली आला.

"चाळीस साल मी सवाशिणींच्या ओट्या भरल्या. धनतेरसलाही भरल्या. तुमचं काही कमी झालं? ओटीनं घर वाढते." त्यांनी आमचा कागद बाहेर काढला. त्यांना वाचता येत नव्हतं. "हाच ना?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

कागद हातात घेऊन काकू नवऱ्याकडं वळल्या. आवाज एकदम खाली आला.

"बाईची ओटी भरताना माणसानं पाहाचं नसते. तुम्ही तिकडं तोंड करा."

माझा पदर अजून रिकामाच होता. काकाजींनी एक शब्द काढला असता तर काकूंनी कागद परत ठेवला असता, हे मला आजही वाटतं. चाळीस वर्षांत त्यांनीही काही मोडलं नव्हतं.

काकाजींनी आमच्याकडं पाहिलं, मग बांधलेल्या सामानाकडं पाहिलं. मग बसल्या जागी हळूहळू फिरले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मास्तरांनाही काय वाटलं कोण जाणे, तेही भिंतीकडं फिरले. दोघं पुरुष शिक्षा झालेल्या पोरांसारखे शेजारी शेजारी बसले होते.

काकूंनी कागद माझ्या पदरात घातला, त्यावर तांदूळ, त्यावर खण, त्यावर नारळ. पदराची टोकं माझ्या मुठीत देऊन म्हणाल्या, "आता घर येईपर्यंत खाली ठेवू नका. आणि पाया पडत बसू नका, निघा."

आम्ही दारातून बाहेर पडलो आणि गल्लीच्या तोंडाशी श्रीधर समोर आला. हातात ट्रंक, अंगात नवा कोट.

"अरे, मास्तर! धनतेरसचं कसं काय येणं केलं?"

मास्तरांना खोटं बोलता येत नाही. त्यांचं तोंड उघडलं तेव्हा माझा जीव पदरातच गेला.

"काकाजी चालले ना," मी म्हटलं. "भेटून घेतलं."

"बरं केलं." त्याची नजर माझ्या पदरावर आली. "काकूनं ओटी भरली वाटते. काय काय दिलं?"

"सवाशिणीला असं विचारतात का भाऊ?"

तो ओशाळला. डोक्याला हात लावून त्यानं ओटीला नमस्कार केला, खरंच केला, आणि बाजूला सरला. "मग मुदतीले या," तो मागून म्हणाला.

आम्ही वळून पाहिलं नाही. पळालोही नाही, फार कठीण होतं ते. बसमध्ये मास्तरांना घाम फुटला. निम्म्या रस्त्यात ते कुजबुजले, "एकदा पाहू दे ना. सही तिथंच आहे ना?" मी नाही म्हटलं. रस्ता खराब होता, बस आदळत होती, आणि मी कुठंही टेकले नाही. मुठी आखडून गेल्या होत्या. शेजारच्या बाईनं जागा दिली, "नारळ तरी ठेवा खाली," म्हणाली. मी नुसती हसले. तिला वाटलं असेल, काय कर्मठ बाई आहे.

पांढुर्ण्यात उतरलो तेव्हा ऊन भिंतींवर चढलं होतं. स्टेशनवर करंड्या भरायचं चाललं होतं, तिथून कोणीतरी मला हाक मारली. मी थांबले नाही. आमच्या दारापाशी आलो. मास्तर नुसते दाराकडं पाहत उभे राहिले. कडीवरून हात फिरवला, चौकटीवरून फिरवला, जणू घर दुसऱ्याचं आहे आणि विचारून आत जायचं आहे.

"अहो," मी म्हटलं, "कुलूप काढा. माझे हात भरलेले आहेत."