अंगठीची टकटक

मॅव्हिसला त्या दिवशी पहिली शिसारी आली ती न्याहारीलाच. ड्वेनने तिच्या पुढ्यातली पॅनकेकची बशी आपल्याकडे ओढली आणि म्हणाला, "इंजिनाची ताकद तेवढीच आहे गं. ओझं घटलं की गाडी जास्त जोरात सुटते." तिच्या वाटचं सिरप हनुवटीवरून ओघळवत नवरा तिलाच अक्कल शिकवत होता. पण गाडी बांधायची त्याने आणि शर्यतीत चालवायची तिने, ही त्यांची लग्नापासूनची वाटणी. इंडियानातल्या मक्याच्या शेतांमधली ती सरळसोट धावपट्टी म्हणजेच त्यांचा संसार होता.

दुपारी ती शर्यतीच्या रांगेत गाडीत बसली, पट्टे आवळले. सुटण्याआधी लग्नाची अंगठी डोक्यावरच्या पोलादी पाइपवर वाजवायची, ही तिची जुनी सवय. गाडी उलटली तर त्या पाइपांच्या पिंजऱ्यामुळेच तिचा जीव वाचणार होता. आज खणखणीत आवाज आलाच नाही. तिने पुन्हा वाजवून पाहिलं. मग नखाने काळा रंग खरवडला. आत पांढरं प्लास्टिक निघालं, न्हाणीघराच्या नळाला लावतात तसलं.

ड्वेन खिडकीशी वाकला होता. "सकाळी गाडी तपासली त्या तपासनिसालाही कळलं नाही," तो डोळा मारून म्हणाला. "ते पोलाद केवढं जड होतं, माहितेय? आज बघ कशी पळते."

"पळेल की. इंजिन खपून खपून तिच्यात जो जोर भरेल, तो थांबताना कुठेतरी निघणारच ना? कडेच्या भिंतीवर आदळले तर कशातून निघेल, माझ्या बरगड्यांतून?"

"आजवर आदळलीयेस का कधी? उगाच अभद्र बोलू नकोस."

ह्याच माणसाने बांधलेल्या गाड्या आपण इतकी वर्षं डोळे मिटून चालवत आलो, याचीच मॅव्हिसला किळस वाटली. पट्टे सोडून ती बाहेर आली आणि तिने हेल्मेट त्याच्या हातात कोंबलं.

"मग आज तू चालव."

ड्वेनने हेल्मेट उलटंपालटं केलं. निदान आता तरी तो ओशाळेल, असं तिला वाटलं.

"मी?" पोटावरून हात फिरवत तो म्हणाला. "अगं, माझं वजन बघ. वाचवलेलं सगळं फुकट जाईल."

मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. मॅव्हिसने बोटातली अंगठी ओढून काढली आणि त्याच्या हातातल्या हेल्मेटमध्ये टाकली.

"घे. तुझं आणखी थोडं ओझं कमी झालं," ती म्हणाली, आणि तपासनिसाच्या टपरीकडे चालू लागली.