तांब्याच्या चकतीतलं भोक

भवानी पेठेतल्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मृत्युंजयबाबा भर उन्हात तांब्याची चकती घेऊन उभे. एकेक म्हातारा पुढं यायचा, चष्मा उतरवायचा, चकतीतल्या बारीक भोकाला डोळा लावायचा आणि पंचांगातली बारीक अक्षरं धडाधडा वाचायचा. टाळ्यांवर टाळ्या. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. चष्मा म्हणजे कुबडी, ड्रॉप म्हणजे विष, आणि सूर्यनारायणाची शक्ती या चकतीतून थेट बुबुळात उतरते, असं बाबा माईकवरून सांगत होते. एवढा मोठा सूर्य, पण आत शिरायला त्याला बाबांची परवानगी लागत होती म्हणे.

मी याच पेठेतला डोळ्यांचा डॉक्टर, नंदीश. गंमत बघायला गेलो नव्हतो. रांगेत माझे शिवप्पामामा उभे होते आणि त्यांना काचबिंदू आहे.

मामांची हयात यंत्रमागावर गेली. तुटलेला धागा सांधता आला की डोळा ठणठणीत, ही त्यांची तपासणी. तीन वर्षांपूर्वी नुसता चष्म्याचा नंबर काढायला आले, तेव्हा मी सवयीनं डोळ्यातला दाब मोजला. तो जास्त निघाला. दिव्यानं मागची नस पाहिली, ती झिजायला लागली होती. तेव्हापासून रोज ड्रॉप. मामी दर महिन्याला नवी बाटली आणायच्या आणि मामा ती गुपचूप, भक्तांनी औषधं टाकायला ठेवलेल्या बाबांच्या टोपलीत टाकायचे. गेले आठ महिने हेच चाललं होतं, माझ्याकडं तपासणीलाही ते फिरकले नव्हते. परवा अर्ध्या ओढलेल्या शटरवर त्यांचं कपाळ दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा मामींनी दरडावून विचारलं आणि सगळं बाहेर आलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मामांनी चकतीतून वाचलं. टाळ्या पडल्या. बाबांनी त्यांच्या हातातली ड्रॉपची बाटली घेऊन उंच धरली. मी सरळ चौथऱ्यावर चढलो. हा चष्म्यावर पोट भरणारा माणूस आहे, असं बाबांनी लगेच माईकवर सांगितलं आणि पुढची चार पोरं बाह्या सारून उठली.

मी खिशातली लग्नपत्रिका काढली, माझ्याबरोबर आलेल्या मामींकडून पिन घेतली आणि पत्रिकेला भोक पाडलं. पुढं बसलेल्या, पेठेतल्याच म्हाताऱ्या मल्लव्वांना चष्मा काढायला लावून ती डोळ्याशी धरली. मल्लव्वांनी पंचांगाची ओळ वाचली. पोरं जागीच थांबली. मग मी मल्लव्वांना मांडवाच्या सावलीत नेऊन बाबांचीच चकती दिली. त्यांना एक अक्षर लागेना.

"बारीक भोकातून प्रकाशाचे मोजकेच किरण आत जातात, म्हणून धूसर अक्षर स्पष्ट दिसतं. त्याला ऊन मात्र भरपूर लागतं. म्हणून बाबा दुपारीच बसतात," मी म्हणालो. बाबा म्हणाले, श्रद्धा नसलेल्याच्या हातून शक्ती निघून जाते. कुणी हसलं नाही, पण टाळीही वाजली नाही.

मग मी मामांना खुर्चीवर बसवलं. उजवा डोळा झाकायला सांगितला.

"माझ्या नाकाकडंच बघा. बोटं हलताना दिसली की सांगा."

मी हात वर, त्यांच्या कपाळासमोर नेला आणि बोटं हलवायला लागलो. पटांगणातल्या शेवटच्या माणसाला ती दिसत होती. मामा माझ्या नाकाकडंच बघत होते.

"दाव की," मामा म्हणाले.

"दाखवतोय, मामा."

मामींनी माझ्या बोटांकडं आणि मग मामांच्या डोळ्यांकडं पाहिलं. दुसऱ्या डोळ्याचंही तेच झालं. मामांनी हळूच हात वर करून चाचपलं, तेव्हा माझी हलणारी बोटं त्यांच्या हाताला लागली. ते उठले आणि बाबांच्या हातातली आपली बाटली त्यांनी काढून घेतली.

तासाभरात ते माझ्या दवाखान्यात होते. दाब चढलेला होता, नस जुन्या फोटोपेक्षा आणखी झिजली होती. भोवतालची नजर मोजायच्या मशिनवर ठिणगीएवढा दिवा दिसला की बटण दाबायचं होतं. वरच्या अंगाचे दिवे येऊन गेले, पण मामांनी बटण दाबलं नाही; शटरही त्यांना म्हणूनच दिसलं नव्हतं. ड्रॉप पुन्हा सुरू केले.

"गेलेलं परत येतं का?"

मी नाही म्हणालो.

"वाचता येतंय का, हे समद्यांनी इचारलं," मामा म्हणाले. "काय दिसत न्हाय, ते मला तरी कसं कळावं?"

त्यांना कळलं नसतंच. काचबिंदू दुखत नाही आणि समोरचं अक्षर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. समोर हलवलेली बोटंही तेव्हाच दिसेनाशी होतात जेव्हा बरीच नजर गेलेली असते. म्हणून चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला असेल तर त्याआधीही, डोळे तपासताना दाब, नस आणि भोवतालची नजर बघायला सांगा. सांगायची लाज वाटू देऊ नका. मामांचं दुखणं तीन वर्षांपूर्वीच सापडलं होतं, औषधही घरात येत होतं. आठ महिन्यांत जे गेलं, ते त्यांनी टाळ्या ऐकत घालवलं.