दाराखालचा खोका

मी एक प्लायवूडचा खोका आहे, मित्रांनो. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, पण अंगावर ओरखडे आहेत आणि एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. बाहेरून पाहिलंत तर मला भाताची कोठी समजाल. माझं खरं रूप माझ्या पोटात आहे. तिथे एक वाट आहे. सुरुवातीला ती इतकी अरुंद आहे की त्यात जेमतेम हात जाईल. पुढे ती वळते, रुंद होते, पुन्हा वळते, आणखी रुंद होते, आणि शेवटी माझ्या तोंडातून बाहेर पडते.

डोंगरावरून कुणाला हाक मारताना तुम्ही तोंडाभोवती हातांची ओंजळ धरता ना? माझं काम तेच आहे. फक्त मी जो आवाज पुढे नेतो, तो फार खोल असतो. खोल आवाजाच्या लाटा लांब असतात, म्हणून त्यांना ओंजळही लांब लागते. तेवढी लांब ओंजळ घरात मावणार कशी? म्हणून तिला घड्या घालायच्या. अशा घडी घातलेल्या ओंजळीला ध्वनियंत्रवाले घडीचा हॉर्न म्हणतात.

माझा जन्म किन्हवलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत झाला. मला बनवणारी दिपिका भौतिकशास्त्र शिकलेली. लाकूड होण्याच्या कितीतरी आधी मी तिच्या कागदावरची पेन्सिलीची रेघ होतो. मला ते दिवस स्वप्नासारखे आठवतात. वजन नाही, कडा नाहीत. ती एक रेघ खोडायची आणि माझा गळा बारीक व्हायचा. दुसरी ओढायची आणि माझं तोंड उघडायचं. मग तिने पुठ्ठ्याचा छोटासा मी केला, त्याच्यात फुंकर मारली, आणि वारा माझ्या अंगातून पहिल्यांदा गेला.

पण मला बनवायचं तिच्या मनात का आलं, ते आधी सांगायला हवं.

दिपिकाचे आजोबा लखमा हे वाडीतले ढोलकरी. त्यांना सगळे नुसतं लखमाच म्हणत, आणि दिपिका त्यांना आजा म्हणे. तिथल्या लग्नात दोन ढोल असतात. एक ढोल ठेका धरून ठेवतो, दुसरा त्याच्यावर बोलतो. भोवती हातात हात गुंफून फेर फिरतो. ठेका वाडीतलाच दुसरा ढोलकरी हनुमान धरायचा आणि बोलायचा तो लखमाचा ढोल. पुढे लखमाचे कान गेले. कानाचं यंत्र मिळालं, पण ढोल वाजला की त्यात शिट्ट्या वाजत, म्हणून ते यंत्र डब्यात गेलं. एका लग्नात लखमाचा ढोल ठेक्यापासून सुटला. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि फेर तुटला. लखमाने घरी येऊन ढोल आढ्याला टांगला.

आता दिपिकाची थोरली बहीण छाया हिचं लग्न ठरलं होतं. तिचं एकच मागणं होतं. हळदीला फेर धरायचा तो आजाच्या ढोलावर.

"आजा नाय म्हणतो," दिपिका म्हणाली. "त्याला हनुमानकाकाचा ठेका ऐकू येत नाय."

"मग तू शिकलीस कशाला गो?" छाया म्हणाली.

त्या रात्रीपासून कागदावर माझी रेघ उमटू लागली. खोल आवाज कानाशिवायही कळतो, तो छातीला, पाठीला जाणवतो, हे दिपिकाला माहीत होतं. हनुमानचा ठेका तसाच लखमाच्या अंगापर्यंत न्यायचा, असं तिने ठरवलं.

माझी लाकडं सापगावच्या एका बांधकामावरची, स्लॅब टाकून झाल्यावर उरलेली. त्यांच्यावर सिमेंटचे डाग होते, ते अजून आहेत. माझा स्पीकर संदीपमामाने दिला. मामाचा लग्नात डीजे लावण्याचा धंदा होता. अंगणात करवतीने घाम गाळणाऱ्या भाचीला बघून तो हसला.

"अगो, कपाट करतेस का कोंबड्यांचं खुराडं?"

"बेसचा खोका करते, मामा."

"खोक्यात एवढ्या फळ्या आडव्यातिडव्या? आवाज रस्ता चुकंल ना त्यात!"

"चुकाय नाय पायजे, म्हणून तर रस्ता बांधते."

"बांध बांध. नाय जमलं तर माझे खोके हायेतच. सगळी वाडी हलवून देतो."

फळ्या जोडून झाल्यावर दिपिकाने एक उदबत्ती लावली. स्पीकर हळू वाजवत ती उदबत्ती माझ्या प्रत्येक सांध्याजवळून फिरवली. जिथे धूर थरथरला, तिथून माझा श्वास गळत होता. तिथे तिने लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरला. मित्रांनो, पुढे माझं कौतुक झालं, टिंगलही झाली, पण इतक्या बारकाईने मला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मग तिने खेळण्यातल्या बझरची, थरथर टिपून तारेत पाठवणारी पितळी चकती काढली, हनुमानच्या ढोलाच्या लाकडाला चिकटवली, आणि तिची तार अॅम्प्लिफायरमधून माझ्यापर्यंत आणली. मला घराच्या कोपऱ्यात ठेवलं. हनुमान अंगणात वाजवू लागला. लखमा माझ्या समोर पाटावर बसले, कंटाळल्यासारखे. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. मग हात छातीवर ठेवला.

"हनम्या वाजवतोय," ते म्हणाले.

ते भिंतीकडे बघत होते. हनुमान त्यांना दिसत नव्हता. त्यांची बोटं गुडघ्यावर बोलू लागली, अगदी ठेक्यात. दिपिकाने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि डोळे पुसले.

"हळदीला वाजवीन," लखमा म्हणाले. "पण ह्यो खोका पायजे."

हळदीपर्यंत मी त्याच कोपऱ्यात होतो. रिकाम्या खोक्याला स्वप्नं फार पडतात. तानसा तलावाच्या बाजूने वारा आला की तो माझ्या तोंडात शिरायचा, वाटेवरून गळ्यापर्यंत जायचा आणि हलकेच परत फिरायचा. त्या गुंजनात मला मांडव दिसायचे, दिव्यांच्या माळा दिसायच्या, हजार माणसं माझ्याकडे वळून बघताना दिसायची. माझा आवाज डोंगराला जाऊन भिडतोय, असं वाटायचं.

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर मला अंगणात नेलं. शकूमावशीने मला हळदकुंकू लावलं, डोक्यावर तांदळाचे दाणे वाहिले, नारळ फोडला. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय ते चालू करत नाहीत, तशी माझीही झाली. फेराच्या मधोमध लखमा ढोल गळ्यात घालून उभे राहिले. त्यांच्यासमोर मी. हनुमानने ठेका धरला.

मी सगळा जीव ओतला, मित्रांनो. पण आवाज माझ्या तोंडातून निघाला आणि उघड्या आभाळात विरून गेला. घरात दोन भिंती आणि जमीन मिळून माझ्या तोंडापुढे आणखी एक मोठं तोंड तयार झालं होतं. अंगणात भिंती कुठे होत्या? दिपिकाने मला तपासलं होतं ते घराच्या कोपऱ्यात. मोकळ्या जागेचा हिशोब तिच्याकडून राहून गेला होता.

लखमाने छातीवर हात ठेवला. वाट पाहिली. मग ढोल वाजवायचं टिपरू खाली केलं.

"छातीला काय नाय लागत," ते म्हणाले.

दिपिका धावत आली. "आजा, आपण कोपऱ्यात बसू. तिकडं घराला लागून!" ती खुणा करून सांगू लागली.

लखमाला कळलं. त्यांनी मान हलवली. "कोपऱ्यात केरसुणी बसते. ढोल मधी असतो, म्हणून फेर फिरतो."

ते ढोलाची दोरी गळ्यातून काढू लागले. हळद लावलेली छाया पाटावरून बघत होती. संदीपमामा उठला. या वेळी तो हसत नव्हता. "लावू का गो माझे?" त्याने हळूच विचारलं.

दिपिका माझ्या डोक्याकडे टक लावून बघत होती. हनुमान अजून वाजवत होता, आणि प्रत्येक ठेक्याला पूजेचे तांदूळ माझ्यावर उड्या मारत होते.

"थरथर हाय," ती पुटपुटली. "ती आजापर्यंत जात नाय, एवढंच. आजा, तू याच्यावरच उभा राहा!"

तिने मला उताणं केलं. माझं तोंड आभाळाकडे झालं, त्याच्या कडांवर पाय ठेवून उभं राहता आलं असतं. ती लखमाचा हात धरून ओढू लागली. त्यांनी माझ्यावरचं कुंकू पाहिलं आणि ते मागे सरले.

"पूजा केलेल्यावर पाय ठेवू मी? येडी झालीस?"

दिपिकाने आजाचा हात सोडला. तेवढ्यात छाया पाटावरून उठली. हळदीच्या हातांनी तिने घराचं दार हलवून पाहिलं.

"मामा, ह्ये दार काढ."

"अगो बया," शकूमावशी ओरडली, "लग्नघराचं दार काढतात काय?"

"आज कोण दार लावून बसणार हाय, मावशी? सगळी वाडी तर अंगणातच हाय."

वाडी हसली. मामाने आणि हनुमानने दार बिजागऱ्यांवरून उचललं. दिपिकाने माझ्या तोंडाच्या दोन कडांवर लाकडी रिपांचे तुकडे ठेवले, म्हणजे माझा श्वास पुरता कोंडणार नाही. त्यांच्यावर दार आडवं केलं.

"आता पाय दारावर," छाया लखमाच्या तोंडासमोर येऊन, ओठ मोठे हलवून म्हणाली. "खोक्यावर नाय."

लखमा तिच्याकडे बघत राहिले. मग वाकले, दाराला हात लावून कपाळाला लावला, आणि मामाच्या खांद्याला धरून अनवाणी वर चढले. त्यांचं वजन मी पेललं. आतल्या ज्या फळ्यांना मामा हसला होता, त्यांनीच मला बळ दिलं.

हनुमानने ठेका दिला. मी तो वाटेवरून नेला आणि दाराला दिला. दाराने तो लखमाच्या तळव्यांना दिला. त्यांच्या पायांची बोटं आखडली, मग सैल झाली. त्यांनी डोळे मिटले. आणि ढोल बोलला.

मला त्यानंतरचं नीट सांगता येत नाही. मी दाराखाली होतो, मला काहीच दिसत नव्हतं. फेर फिरताना जमिनीत उठणारी पावलं मात्र मला कळत होती. ती सगळी मिळून एकच पाऊल होती. अंधार पडेपर्यंत ते पाऊल चुकलं नाही. मधे एकदा हनुमानने मुद्दाम ठेक्याचा वेग वाढवला, आणि माझ्यावरच्या म्हाताऱ्या पायांचा वेगही त्याच क्षणी वाढला. "बघतोस काय रे परीक्षा!" लखमा वरून ओरडले, आणि हसले.

दार परत बसवताना एक पोरगा म्हणाला, "एवढा मोठा खोका, पण आवाज कायच नाय त्याचा." खरंच होतं ते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आवाज फक्त एका माणसापर्यंत गेला होता. मला स्वप्नातली ती हजार माणसं आठवली, पण त्यांची उणीव भासली नाही.

आता वाडीतलं लग्न असलं की मला बाहेर काढतात. ज्याच्या घरी लग्न, त्याचं दार. एरवी मी पडवीत असतो. माझ्यावर कांद्याच्या टोपल्या ठेवतात, पावसाचे शिंतोडे येतात, आणि ओल्या फळ्या आतून हळूहळू सुटू लागतात. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याला कोरड्यात ठेवा आणि उंदीर शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी लावा.

पण मित्रांनो, माझी खरी विनंती माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस "काय म्हणालास?" असं विचारायचं थांबलं असेल. त्याला ऐकायचं नाही, असं समजू नका. त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याचा हात हातात घ्या, आणि तुमचं बोलणं त्याला कुठून कळतं, ते शोधा.