उत्तरेच्या छपरावर विकलेलं ऊन

मित्रांनो, सुटकेसमध्ये मावणारं एक जुनं सोलर पॅनेल मी. छपरावर मी कधीच चढलो नाही. वेल्समधल्या रोंडा खोऱ्यात केल्विन हॉपकिन नावाचा विक्रेता मला नमुना म्हणून दारोदार नेई. खिडकीशी धरलं की मला जोडलेला दिवा लख्ख पेटायचा. लोक "वा!" म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. खरं तर केल्विननं माझ्या पाठीत एक बॅटरी लपवली होती. दिवा तिच्यावर पेटायचा.

एका पावसाळी दुपारी तो मायनिर प्रॉबर्टबाईंकडे गेला. त्यांचा नवरा आयवर जुना खाणकामगार. कोळशाच्या धुळीनं छाती गेलेली. त्याला जिना चढवत नसे, म्हणून खाली न्हाणीघर बांधायला दोघांनी पैसे साठवले होते.

"अहो, पण आमचं छप्पर उत्तरेला, त्यात समोर डोंगर," बाई म्हणाल्या. "हिवाळ्यात ऊन दिसतच नाही."

"मावशी, आत्ता तरी कुठं ऊन आहे? आणि दिवा बघा!"

आयवर खोकत म्हणाला, "मायनिर, चार जणांना विचारू या की."

"विचारा ना काका. पण ही किंमत आजच्यापुरतीच हं!"

बाईंनी सही केली आणि न्हाणीघराचे पैसे त्याला दिले. मी उजेड देत राहिलो.

पुढचं मला सुनावणीत कळलं. हिवाळ्यात त्या छपरावर बसवलेल्या पॅनेलांवर दिवसाला किटली उकळण्यापुरतीही वीज होईना. आयवर पायरीवर बसून, हातांनी रेटत, एकेक पायरी वर सरके. शेजारी हसतील म्हणून बाई कितीतरी दिवस गप्प होत्या. शेवटी त्यांनी ग्राहक खात्याकडे तक्रार केली.

निरीक्षक सेरिसनं सर्वांसमोर माझी पाठ उघडली. बॅटरी टेबलावर पडली.

"म्हणजे मी बावळट नव्हते?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. तुमची शंका अगदी नेमकी होती," सेरिसनं सांगितलं.

केल्विननं मान खाली घातली. मला तेवढीही सोय नव्हती.

त्याचा धंदा बंद झाला. परगण्यात नियम आला: आधी छपरावरचं ऊन मोजा, वीज किती होईल ते लिहून द्या, सहीनंतरही पंधरा दिवस माघार घेऊ द्या. बाईंचे पैसे परत आले, न्हाणीघरही झालं. पण तोवर आयवर गेला होता.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी फसलं तर हसू नका. त्यांच्यासोबत तक्रारीला जा. मायनिरबाईंनी एकटीनं वाहिली ती लाज माझी होती.